झिजलेल्या रंगाचा इतिहास

लष्करी हेलिकॉप्टरची लहान प्रतिकृती करणारा कारागीर तिला प्रथम स्वच्छ, एकसारखा रंग देतो आणि तो वाळल्यावर आपल्याच हाताने मळवू लागतो. पाहणाऱ्यास हा उद्योग विपरीत वाटावा. इतक्या निगुतीने दिलेला रंग बिघडवायचा कशासाठी? परंतु प्रतिकृतीचा इतिहासाशी खरा संबंध येतो तो या मळवण्यातच. चेतक, चीता, ध्रुव आणि प्रचंड ही हेलिकॉप्टरे ज्या बेंगळुरूत घडली, त्या शहराच्या आधारे हा संबंध चांगला उलगडतो.

प्रारंभी प्रतिकृतीला रंगाची गरज नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून लक्षावधी लाकडी विमाने करून घेण्याचे ठरविले. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना नुसत्या आकृतीवरून ओळखता यावे, एवढाच त्यामागील हेतू होता. म्हणून ती विमाने काळ्या रंगाची असत. त्यांचे 1:72 हे प्रमाण, म्हणजे सहा फुटांस एक इंच, आजही रूढ आहे. युद्धानंतर प्लॅस्टिकचे संच निघाले आणि आकृतीला रंग चढला. 1970 नंतर अमेरिकेतील शेपर्ड पेन, बेल्जममधील फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांसारख्या कारागिरांनी यंत्रावरील झीज दाखविण्याच्या पद्धती लोकप्रिय केल्या. अशा रीतीने प्रतिकृती यंत्राच्या आकाराबरोबरच त्याचे आयुष्यही सांगू लागली.

बेंगळुरूच्या कारखान्याचे आयुष्यही दुरुस्तीशी निगडित आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर 1940 मध्ये ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ स्थापन केली. महायुद्धात तेथे मित्रराष्ट्रांची विमाने दुरुस्त होत असत. युद्ध संपल्यावर कानपूर येथे टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने मुद्दाम निकामी करून ठेवलेली होती. त्यांपैकी सुमारे 40 विमाने या कारखान्याने पुन्हा उडती केली, आणि ती 1968 पर्यंत भारतीय हवाई दलाच्या सेवेत राहिली. अशा विमानाची प्रतिकृती नुकत्याच खोक्यातून काढलेल्या खेळण्यासारखी चकचकीत केली, तर तिच्यातून नेमकी हीच हकिगत गळून पडते.

फ्रेंच कंपनीशी 1962 साली झालेल्या करारानुसार बेंगळुरूत जुळविलेले पहिले चेतक 1965 मध्ये उडाले. 1970 च्या दशकात चीता आले. दोहोंचे इंजिन केबिनमागे उघडेच असते. चीत्याची तर शेपटीही नळ्यांच्या जाळीची, आच्छादनाविना असते. त्यामुळे धुराच्या नळीमागील काजळी, पात्यांच्या मध्यभागाजवळील तेलकट डाग, जाळीच्या सांध्यांतील मळ ही सर्व चिन्हे डोळ्यांसमोर राहतात. कारागीर ती पायरीपायरीने उतरवितो. मूळ रंग किंचित फिका घ्यावयाचा, कारण लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो. पातळ केलेला काळपट तैलरंग खाचांत सोडावयाचा आणि वरचा पुसून घ्यावयाचा. जवळजवळ कोरडा कुंचला उंच कडांवरून फिरवावयाचा. शेवटी खडूची बारीक भुकटी धुराच्या आणि धुळीच्या जागी चोळावयाची.

येथे मापाचे भान सुटता कामा नये. 11 मीटर व्यासाचे पंख 1:72 या प्रमाणात 15 सेंटिमीटरांत मावतात. अर्थात प्रतिकृतीवरील एका मिलिमीटरचा ओरखडा मूळ यंत्रावर सात सेंटिमीटरांची जखम ठरतो. हौसेने असे वीस ओरखडे ओढले, तर जे उभे राहते ते सेवेतील हेलिकॉप्टर नव्हे, भंगार होय. प्रत्येक डागाला कारण हवे. मेकॅनिकचा पाय जेथे रोज पडतो तेथे रंग उडेल. हात न पोहोचणाऱ्या जागी तो का उडावा?

कारण स्थळाप्रमाणेही बदलते. ऑक्टोबर 1978 मध्ये चेतक सियाचीन हिमनदीवर उतरले, आणि 13 एप्रिल 1984 रोजी सुरू झालेल्या ‘मेघदूत’ मोहिमेत चीत्यांनी जवानांना तेथील खिंडीत पोहोचविले. तेथे बर्फावर धुळीचा प्रश्न नाही. प्रखर उन्हाने फिकटलेला रंग आणि काजळी, एवढेच तेथे शोभते. राजस्थानच्या वाळवंटात उतरताना पात्यांच्या वाऱ्याने उडालेली वाळू पोटाला चिकटते आणि पात्यांची पुढची कड घासून काढते. नौदलाच्या जहाजावर खारा वारा धातूला खातो, म्हणून हेलिकॉप्टर गोड्या पाण्याने वारंवार धुवावे लागते. एकाच कारखान्यातील चेतकाच्या नशिबी अशी निरनिराळी आयुष्ये येतात.

साहित्य बदलले की खुणाही बदलतात. 20 ऑगस्ट 1992 रोजी प्रथम उडालेल्या ध्रुवाच्या बाह्यांगाचा बराच भाग धातूचा नसून तंतुमय संमिश्र पदार्थांचा आहे. चेतकाच्या सवयीने त्या भागावर रुपेरी टवके दाखविणे म्हणजे नसलेला धातू दाखविणे होय. 2003 मध्ये बेंगळुरूत स्थापन झालेल्या ‘सारंग’ पथकाच्या ध्रुवांवर मोर रंगविलेला असतो. प्रेक्षकांपुढे कसरती करणारी ती यंत्रे लखलखीत ठेवली जातात, आणि त्यांना मळविणेही तितकेच असत्य ठरेल. 2022 साली हवाई दलात दाखल झालेल्या प्रचंडच्या अंगावर अजून जुन्या सेवेची वर्षे चढावयाची आहेत.

बेंगळुरूत 2001 पासून विमानांचे संग्रहालय आहे. उघड्यावर ठेवलेल्या कोणत्याही विमानाला ऊन-पावसापासून वाचविण्यासाठी पुनःपुन्हा रंग द्यावा लागतो. त्यावाचून ते टिकणार नाही. परंतु प्रत्येक नव्या पुटाखाली जुन्या खुणा मात्र बुजतात. चेतकाच्या सेवेला आता सहा दशके उलटून गेली. त्याची प्रारंभीची यंत्रे ज्यांनी उडविली आणि दुरुस्त केली, ती पिढी केव्हाच निवृत्त झाली. म्हणून प्रामाणिक कारागीर रंगाची बाटली उघडण्यापूर्वी छायाचित्रे जमवितो, जाणत्यांना विचारतो, आणि हे हेलिकॉप्टर कोणत्या वर्षीचे व कोणत्या तळावरचे, ते आधी ठरवितो. हे ठरले की कुंचला कोठे चालवायचा आणि कोठे थांबवायचा, हेही ठरते.