आधीं निदान, मग निर्णय

स्तनांत हाताला गांठ लागली म्हणजे तिचा तुकडा काढून तपासूं द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न सुशिक्षित घरांतही दबल्या आवाजांतच विचारला जातो. एकदां शस्त्र लागलें कीं अंग गमावलेंच, अशी भीति त्यामागें असते. ही भीति निव्वळ अज्ञानाची म्हणून झिडकारण्यापूर्वीं तिचा इतिहास पाहणें आम्हांस इष्ट वाटतें. कारण एके काळीं तिला सबळ आधार होता.

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं १८९४ सालीं आपल्या ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि कांखेंतील ग्रंथि हें सर्व एकत्र काढून टाकावयाचें, ही त्यांची पद्धति. पुढें १९०५ सालीं मेयो क्लिनिकमधील लुई विल्सन यांनीं काढलेला तुकडा गोठवून कांहीं मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्याची रीति सिद्ध केली. या दोहोंच्या संयोगानें एक नवाच परिपाठ पडला. स्त्रीला भूल द्यावयाची, तुकडा तपासावयास धाडावयाचा, आणि कर्करोग निघाल्यास त्याच भुलींत स्तन काढून टाकावयाचा. तपासणीच्या संमतींतच अंगच्छेदाची संमति येई. आपणांस कोणता रोग आहे हें तिला जागी झाल्यावर छातीवरील पट्ट्यांवरून कळावयाचें! वैद्य निर्दय होते असें नव्हे. विलंबानें रोग पसरेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परंतु निदान आणि निर्णय यांमध्यें रुग्णाला क्षणाचीही उसंत उरली नव्हती.

ही उसंत मागणारी स्त्री वैद्य नव्हती. मेरिलंडमधील पत्रकार रोझ कुशनर यांना १९७४ सालीं गांठ आढळली. प्रथम केवळ तपासणी करावी, पुढचें मी शुद्धीवर असतां ठरवीन, ही त्यांची साधी अट. पण अनेक शस्त्रवैद्यांनीं ती नाकारली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर जुन्या परिपाठानेंच शस्त्रक्रिया झाली. तत्पूर्वीं कुशनर यांनीं आपलें म्हणणें व्हाइट हाउसपर्यंत पोंचविण्याचा प्रयत्न केला, तो व्यर्थ गेला. १९७५ सालीं त्यांनीं या विषयावर ग्रंथ लिहिला. अखेर जून १९७९ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें तज्ज्ञांची परिषद भरविली. निर्णय देणाऱ्या मंडळांत कुशनरही होत्या. निदान व उपचार या सामान्यतः दोन वेगळ्या पायऱ्या असाव्या, असा अभिप्राय त्या मंडळानें दिला. १९८५ सालीं बर्नार्ड फिशर यांच्या प्रयोगानें आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: लहान गांठींत, गांठ काढून किरणोपचार केल्यास आयुष्याची आशा सबंध स्तन काढण्याइतकीच राहते.

म्हणजे ज्या भीतीनें आज स्त्रिया तपासणी टाळतात, तिचें मूळ कारण उरलेलें नाहीं. बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती आहे व कोणती नाहीं, हें केवळ हाताला खात्रीनें कळत नाहीं. तपासणी व छायाचित्रें यांवरून वैद्याला संशय आला, तर जागा बधिर करून सुईनें लहानसा तुकडा घेतां येतो. त्या सुईनें रुग्णाचें आयुष्य घटतें असें आढळलेलें नाहीं. उलट रोग असल्यास दवडलेले महिनेच घातक ठरतात.

आमच्या घरांतून अशा प्रसंगीं वडीलधारीं माणसें आपसांत बोलतात, आणि जिचें शरीर तिला शेवटीं सांगतात. आमची विनंति एवढीच कीं, सही करण्यापूर्वीं त्या कागदांत नेमकें काय काय मान्य होतें हें तिनें स्वतः विचारावें, आणि तें केवळ तपासणीपुरतें असेल तर ती तपासणी लांबणीवर टाकूं नये. तपासणीनंतर काय करावयाचें हें ठरविण्याचा अधिकार तिच्याच हातीं राहतो.