तासाभराच्या अंतरावरचा परदेश



स्मरणिका समितीने 'आठवणी लिही' असं सांगितलं होतं. पण आठवणी लिहिणारे आपल्यात भरपूर आहेत, आणि ग्रुपवर पहाटेपासून त्यांचं पारायण चालूच असतं. म्हणून मी थोडा इतिहास लिहिते आहे. विषय आहे एका इंग्रजीच्या शिक्षिकेचं परदेशातलं आयुष्य. परदेश कुठला? तर फलटण. लोणंद स्टँडवर एसटीत बसलं की तरडगाव ओलांडून तासाभरात पोचतो, तेच.

डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन. १९६१ मध्ये त्या भारतात आल्या आणि हैदराबादच्या विवेक वर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागल्या. पुढे भाषाशास्त्राच्या पीएच.डी.साठी अभ्यासाचं गाव म्हणून त्यांनी फलटण निवडलं आणि १९६६ मध्ये त्या तिथे आल्या. अभ्यासाला आलेली माणसं सामान बांधून परत जातात. या राहिल्या. १९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. फलटणच्या मुलांच्या त्या मॅक्सीनमावशी झाल्या.

आपल्याकडचं 'परदेशातलं आयुष्य' म्हणजे व्हिसा, बर्फातला फोटो आणि दर दोन वर्षांनी दिवाळीला फेरी. मीही कंपनीच्या कामासाठी त्यातलं थोडं जगले आहे. त्यामुळे उलट दिशेने आलेल्या या बाईंविषयी मला कुतूहल होतं. जिथून आपण बाहेर पडायला धडपडलो, तिथे येऊन त्यांना काय सापडलं?

आधी एक जुना धागा सांगते, कारण तोही आपल्याच तालुक्यातून जातो. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या. लग्न न झालेल्या बाईला धर्मप्रसाराच्या कामासाठी एकटीने समुद्रापार पाठवणं तेव्हा अमेरिकेतही नवं होतं. मधला काही काळ सोडला तर त्या मुंबईत आणि अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला याच फरारबाईंकडे घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, तालुका खंडाळा. म्हणजे आपला तालुका. दर ३ जानेवारीला आपण भाषणं ठोकायचो, पण त्यांच्या बाईंचं नाव त्या भाषणांत कधी आल्याचं मला आठवत नाही. दुरून आलेली शिक्षिका इथल्या एका मुलीला शिकवते आणि पुढे ती मुलगी सगळ्यांना शिकवते, ही गोष्ट आपल्या मातीत आधीच घडून गेलेली आहे.

आता पुन्हा फलटण. मॅक्सीनबाईंच्या अभ्यासाचा विषय होता फलटणचे लोक मराठी कसे बोलतात, आणि बोलण्यातले फरक त्यांच्या जातीशी, शिक्षणाशी, घराशी कसे जोडलेले असतात. या कामावर १९७३ मध्ये त्यांना अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. आपल्या दृष्टीने हे अजबच होतं. 'व्हय', 'न्हाई', 'हाय', 'पानी' यांसाठी आपण हातावर पट्ट्या खाल्ल्या, आणि एक बाई ते टेपरेकॉर्डर लावून ऐकायच्या लायकीचं मानते!

पण यात विचार करण्यासारखं काय आहे, ते आपल्या गावाच्या नावावरूनच बघा. अर्धं गाव 'लोणंद' म्हणतं, अर्धं 'लोनंद'. जो 'लोनंद' म्हणतो तो 'पानी' म्हणतो, 'लोनी' म्हणतो आणि 'कोन' म्हणतो. जिथे छापील मराठीत 'ण' आहे तिथे त्याच्या तोंडात 'न' येतो, आणि नेमाने येतो. चूक असती तर ती कधी झाली असती, कधी नसती. इतक्या नेमाने जे होतं त्याला नियम म्हणतात. माझ्या धंद्यात प्रोग्रॅम दर वेळी ठरावीक जागी ठरावीकच वागत असेल, तर आम्ही म्हणतो, हा कोणीतरी विचारपूर्वक लिहिलाय. बोलीचा हा प्रोग्रॅम पिढ्यान्‌पिढ्यांनी लिहिलेला असतो.

हे मला कळलं फार उशिरा. पण त्याचा पहिला पुरावा आपल्या सगळ्यांसमोर घडला होता, जानेवारी १९९५ मध्ये, नववीच्या सहलीत. महाबळेश्वरची ती गोंधळाची सहल आठवते ना? जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

पहाटे चारला शाळेसमोर जमायचं ठरलं होतं. गाड्या आल्या सहाला. दोन गाड्या होत्या, आणि कोण कुठल्या गाडीत याच्या याद्या सरांनी दोन दिवस बसून केल्या होत्या. त्या याद्या खंडाळ्यापर्यंतसुद्धा टिकल्या नाहीत, कारण प्रत्येकाला मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या गाडीत जायचं होतं. सुरूरवरून वाईकडे वळलो आणि पसरणीच्या घाटात निम्म्या वर्गाने सकाळच्या दशम्या परत केल्या. लिंबं हातोहात फिरली. पाचगणीच्या टेबललँडवर एक गोरं जोडपं दिसलं. इंग्रजीच्या सरांनी सांगितलं, "जा, बोला. इतकी वर्षं शिकवतोय, आज उपयोग करा." आपला एक वीर पुढे झाला. "हाऊ आर यू?" त्याने विचारलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत "आय ॲम फाइन, थँक यू" हेही त्यानेच म्हणून टाकलं. पुस्तकात दोन्ही वाक्यं एकाखाली एक होती, त्याने धडा पुरा केला. गोरी बाई हसली आणि भरभर काहीतरी बोलली. तेव्हा आपण सगळे घोड्यांच्या दिशेने पळालो.

खरा गोंधळ संध्याकाळी झाला. सूर्यास्त बघून बॉम्बे पॉइंटवरून खाली आलो तेव्हा अंधार पडला होता आणि तिथे किमान सात-आठ शाळांच्या गाड्या उभ्या होत्या. सगळ्या मुलांचे पांढरे शर्ट, खाकी पँटी. मोजणी सुरू झाली. पहिल्या गाडीत तीन जास्त, दुसऱ्या गाडीत दोन कमी. तीन जणांची अदलाबदल चालली असेल असं समजून बाईंनी परत मोजलं. तेच. हिशेबाने एक मूल जास्तीचं होतं. मूल हरवणं सगळ्यांना ठाऊक असतं. मूल वाढलं तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

इंग्रजीचे सर गाडीतून एकेका बाकाशी थांबत निघाले. मागच्या बाकावर एक मुलगा हातात चण्याची पुडी घेऊन निवांत बसला होता. सरांनी विचारलं, "काय रे, काय करतोयस?" तो म्हणाला, "गाडी सुटायची वाट बघालोय की, सर."

सर एक क्षण थांबले आणि म्हणाले, "हा आपला नाही. आपला असता तर 'बघतोय' म्हणाला असता. हा कोल्हापूरकडचा." त्याचा दंड धरून सर अंधारात गाड्यांमागून गाड्या शोधत गेले. चौथ्या की पाचव्या गाडीत एक मास्तर रडकुंडीला येऊन पोरं मोजत होते. तिथे एक कमी होता. तेवढ्या वेळात आपले दोघं चणे आणायला उतरले, ती वेगळीच कथा. लोणंदला पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि वडीलमंडळी बॅटऱ्या घेऊन रस्त्यावर उभी होती. मोबाईल तेव्हा नव्हतेच.

सरांनी दुसऱ्या दिवशी जे केलं, ते मात्र सहलीइतकं कुणाच्या बोलण्यात येत नाही. तासाला आल्यावर त्यांनी फळ्यावर 'बघतोय' लिहिलं, त्याखाली 'बघालोय' लिहिलं आणि समोर इंग्रजीतलं चालू वर्तमानकाळाचं वाक्य लिहिलं. विचारलं, यातलं बरोबर कुठलं? आपण एका सुरात 'बघतोय' म्हणालो. सर म्हणाले, "दोन्ही." आणि इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या डोक्यात शिरला, कारण तो आपल्या तोंडात आधीपासून होता. पाचवी ते दहावी अशा सहा वर्षांत आपल्या बोलण्यातलं काही फळ्यावर लिहिलं गेलं, ते एवढ्या एकाच तासाला.

मॅक्सीनबाईंनी जे केलं ते, असं बघितलं तर, त्या एका तासाची शाळा करणं होतं. वस्तीतल्या, शाळेबाहेर राहिलेल्या किंवा शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांना त्या शिकवू लागल्या. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. हे लक्षात घ्या: अमेरिकेतून आलेल्या, इंग्रजी शिकवत सुरुवात केलेल्या बाईंनी इंग्रजी माध्यमाची शाळा काढली नाही. 'अ आ इ ई'ची सगळी बाराखडी घोकून मग शब्द, असा क्रमही त्यांनी धरला नाही. थोडी अक्षरं घ्यायची, त्यांतूनच मुलांच्या ओळखीचे शब्द लगेच तयार करायचे, वाचायचे आणि लिहायचे, असा त्यांचा मार्ग. वाचन म्हणजे अर्थ लागणं, हे पहिल्या आठवड्यापासून मुलाला कळलं पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातल्या तिसरीच्या मुलांना प्रत्यक्षात कितपत वाचता येतं, याचीही त्यांनी पाहणी केली. त्या अभ्यासाच्या इंग्रजी नावाचा मराठीत अर्थ होतो, पायाच ढासळलेला.

शाळेला ज्यांचं नाव दिलं त्या कमलाबाई निंबकरही मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर १९३० मध्ये त्या भारतात आल्या. अपघाताने किंवा आजाराने अधू झालेल्यांना पुन्हा हाताने काम करता यावं, यासाठीच्या व्यवसायोपचाराची आशियातली पहिली शाळा त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केली. त्यांच्या सून जाई निंबकर या लेखिका आणि इरावती कर्व्यांच्या कन्या. जाईताईंनी आणि मॅक्सीनबाईंनी मिळून अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी मराठीचं व्याकरण लिहिलं. ते १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. इरावतीबाईंची दुसरी लेक गौरी देशपांडे, मराठीतल्या मोठ्या कथाकार. त्यांनी पुण्यात इंग्रजी शिकवलं, काही वर्षं परदेशात काढली आणि फलटणजवळच्या विंचुर्णीला घर केलं. आपण दहावीत इंग्रजीच्या गाइडमागे धावत होतो, त्या वर्षांत इंग्रजी आणि मराठी दोन्हीकडे इतक्या सहजतेने वावरणारी ही माणसं आपल्यापासून एसटीच्या एका तिकिटावर राहत होती.

आता हे सगळं स्मरणिकेत का, ते सांगते.

आपण जून १९९० मध्ये पाचवीला इंग्रजीचं पहिलं अक्षर गिरवलं. पहिलीपासून इंग्रजी राज्यात आली ती २००० मध्ये, आपल्यानंतर. म्हणजे दहावीच्या पेपरापर्यंत आपल्या हातात सहा वर्षं होती. त्या वर्षांत वर्गातली किती जणं कमी होत गेली, आठवून बघा. कुणी सातवीनंतर कांद्याच्या वखारीवर गेलं. कुणाचं लग्न झालं. पण काही जणं फक्त गप्प होत गेली. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण अशीच होती. घरी ती अख्खी गल्ली हसवायची. वर्गात उभी राहिली की 'न्हाई' म्हणायची, वर्ग हसायचा, आणि बसायची. मराठीच्या तासाला जिला तोंड उघडायची लाज वाटते, ती इंग्रजीच्या तासाला काय उघडणार? आठवीला ती आली नाही. ती हुशार नव्हती असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. बोटांवर गुणाकार ती माझ्याआधी करायची.

आज माझ्या टीममध्ये चार देशांचे लोक आहेत. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं, आणि काम कुणाचं अडत नाही. ऐकणाऱ्याने ऐकायचं ठरवलं की पुरतं. फरारबाई असोत, मॅक्सीनबाई असोत की त्या रात्रीचे आपले सर, त्यांनी आधी ऐकलं. ज्याचं बोलणं वेगळं होतं, त्याला त्याच्या गाडीपर्यंत पोचवलं.

म्हणून समितीला एक विनंती. मेळाव्याची यादी दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे. ती जून १९९० च्या पाचवीच्या पटावरून करावी. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ती सगळी नावं आहेत, मधेच दाखला काढून गेलेल्यांचीसुद्धा. बरीचशी माणसं अजून लोणंदात, नीरेला, तरडगावला किंवा पाडेगावलाच असतील. त्यांना छापील पत्रिका पाठवू नका आणि ग्रुपची लिंक तर मुळीच पाठवू नका. फोन करा, नाहीतर घरी जा, आणि घरात बोलतो तसं बोला. त्यातल्या दहा जणांचं काम माझ्याकडे द्यावं. पहिलं नाव मी माझ्या बाकावरचंच घेणार आहे.