पाहणाऱ्याच्या हातातली बॅटरी

आमच्या गावच्या चित्रप्रदर्शनात एकदा ऐन संध्याकाळी वीज गेली. मी ओशाळलो; पण लोक हलले नाहीत. कुणीतरी बॅटरी आणली आणि एकेका चित्रापुढं पाच-दहा डोकी जमली. उजेडात भराभर पुढं सरकणारी माणसं अंधारात थबकली होती.

श्रोतेहो, असा अंधार पॅरिसमध्ये जानेवारी १९३८ मध्ये मुद्दाम केला गेला होता. अतिवास्तववादी चित्रकारांच्या त्या प्रदर्शनात मार्सेल द्युशाँनं मुख्य दालनाच्या छताला कोळशाची १२०० पोती टांगली. जमिनीवर वाळका पाला पसरला होता, हवेत भाजत्या कॉफीचा वास होता. बाहेर चौकात साल्वादोर दालीची टॅक्सी उभी होती; पाऊस पडत होता तो टॅक्सीच्या आत! पुढं नटवलेल्या पुतळ्यांची रांग. उद्घाटनाच्या रात्री दालनात काळोख आणि प्रेक्षकांच्या हाती बॅटऱ्या. काय पाहायचं, ते ज्याचं त्यानं शोधायचं.

मॅन रे या कलावंतानं पुढं आठवण लिहिली, की लोकांनी बॅटऱ्या चित्रांपेक्षा एकमेकांच्या तोंडावरच जास्त मारल्या. काहींना हा फजितवाडा वाटेल. मला तसं वाटत नाही. नाटक रंगलं होतं आणि प्रेक्षकच त्यातली पात्रं झाले होते.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. युरोपातल्या शहरांवर खरा काळोख पसरला.

आता प्रदर्शन मांडताना भिंतीवर काय लावायचं हे मी नंतर ठरवतो. पाहणाऱ्याच्या हाती काय द्यायचं, हे आधी.