खाडाखोड नसलेली वही

आमच्या बेळगावच्या पेढीवर वहीत खाडाखोड चालत नसे. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं आणि खाली उलटी नोंद घालायची. नातवाने बिटकॉइन समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे किर्दच की रे! फक्त प्रत सगळ्या गावाकडे." पण ही किर्द मांडणारे कोण, म्हणून वाचायला बसले आणि हॅल फिनी भेटला.

हा १९५६ साली कॅलिफोर्नियात जन्मलेला. आधी व्हिडिओ गेम लिहिणारा. १९९१मध्ये फिल झिमरमन यांनी सामान्य माणसाची पत्रं कुलूपबंद ठेवणारा पीजीपी हा प्रोग्रॅम काढला, त्यात फिनी शिरला. सुरुवातीला फुकट राबला. पैशासाठी नव्हे, तर आपली पत्रं आणि आपला खर्च कुणी परक्याने वाचू नये म्हणून. त्याच प्रोग्रॅमपायी अमेरिकी सरकारने झिमरमन यांची तीन वर्षं चौकशी केली.

संगणकावरच्या नाण्याची अडचण साधी आहे. नक्कल करता येते, म्हणून एकच नाणं दोघांना देता येतं. डेव्हिड चॉम यांनी त्यावर तोड काढली होती, पण नाणं वठवायला पंच म्हणून मधे एक बँक लागे. त्यांची कंपनीही १९९८मध्ये बुडाली. फिनीने २००४मध्ये स्वतःचा प्रयोग केला, तोही एका सर्व्हरवर टेकलेला. २००८च्या ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नवा आराखडा आला. पंचच नको, वही सगळ्यांनी ठेवायची. अनेकांनी नाकं मुरडली. फिनीने प्रोग्रॅम चालवून पाहिला. १२ जानेवारी २००९ रोजी सातोशीने त्याला १० नाणी पाठवली. दोन माणसांमधला तो पहिला व्यवहार.

थोड्या दिवसांनी फिनीने यंत्र बंद केलं. संगणक तापायचा, पंख्याचा आवाज त्रास द्यायचा! त्याच वर्षी त्याला स्नायू निकामी करणारा एएलएस जडला. पुढे हात गेले, वाचा गेली, तरी डोळ्यांच्या हालचालींनी तो प्रोग्रॅम लिहीत राहिला. २०१४मध्ये गेला. आपली नाणी त्याने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती, आणि भरवसा मुलगा-मुलीवर.

परिग्रहाची व्याख्या मी लहानपणापासून पाठ केली आहे. आज त्या नाण्यांचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण पंख्याच्या आवाजाने यंत्र बंद करणारा हा माणूस किती जणांना ठाऊक आहे? वहीत नोंद त्याची पहिली आहे. खाडाखोड होणार नाही, एवढंच बरं.