फ्लोरेस बेटाचे माप

जावा आणि बाली मागे टाकून लोंबोकची सामुद्रधुनी ओलांडली, की आशियाच्या प्राणिसृष्टीचा अंमल बव्हंशी संपतो. हिमयुगात समुद्र कित्येक हात खाली उतरला आणि जावा आशियाच्या भूमीला जोडला गेला, तेव्हाही या सामुद्रधुनीचे खोल पाणी आटले नाही. म्हणून वाघ आणि गेंडे अलीकडेच थबकले, आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस याने एकोणिसाव्या शतकात जी सरहद्द आखली ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. या सरहद्दीपलीकडच्या फ्लोरेस बेटावर हत्तीच्या कुळातला स्टेगोडॉन पोहत गेला असावा. आणि तेथे सापडलेल्या दगडी अवजारांचा दाखला मानला, तर माणूसही सुमारे १० लाख वर्षांपूर्वी जाऊन पोहोचला होता.

थिओडोर व्हेरहोव्हेन नावाच्या डच धर्मोपदेशकाने या बेटावरील माता मेंगे येथे स्टेगोडॉनच्या हाडांशेजारीच अवजारे पाहिली आणि ती साडेसात लाख वर्षांची असावीत असे प्रतिपादन केले, परंतु विद्वानांच्या दरबारी त्याची दाद लागली नाही. १९९८ साली माइक मॉरवुड व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या थरांचे वय ८ लाख वर्षांपेक्षाही अधिक ठरविले, तेव्हा कोठे त्याचा अंदाज खरा असल्याचे सिद्ध झाले. या उपेक्षित संशोधकाला न्याय मिळण्यास इतका विलंब लागावा, याचे मला मनापासून दुःख वाटते.

व्हेरहोव्हेनने ज्या लिआंग बुआ गुहेत एके काळी शाळा भरविली आणि पुढे उत्खननही केले, तिच्याच तळाशी २००३ सालच्या सप्टेंबरात, सुमारे सहा मीटर खोलीवर, इंडोनेशियन आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांना एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा मिळाला. हाडे इतकी ओली व भुसभुशीत होती, की नखांचा रंग पुसण्याचे द्रावण आणि डिंक यांच्या मिश्रणाने ती आधी घट्ट करून घ्यावी लागली, आणि मगच भोवतालच्या मातीच्या ढेकळांसकट उचलता आली. तिची उंची १०६ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम साडेतीन फूट. मेंदू सुमारे ४०० घनसेंटीमीटर, आपल्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. पाय आखूड, पावले मात्र प्रमाणाबाहेर लांब. हा कोणी रोगग्रस्त आधुनिक मनुष्य असावा अशी तक्रार काही नामांकित पंडितांनी आग्रहाने मांडली. पण त्याच गुहेत तशाच लहान चणीच्या इतर व्यक्तींची हाडे निघाली आणि माता मेंगे येथे ७ लाख वर्षांपूर्वीच्या, तितक्याच लहान देहांचे अवशेष मिळाले, त्यानंतर ती तक्रार टिकण्याजोगी राहिली नाही.

असे का घडावे? ब्रिस्टल फॉस्टर याने १९६४ साली बेटांवरच्या सस्तन प्राण्यांचा तपशील जमवून दाखविले, की एकांतात मोठे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातात आणि उंदरांसारखे लहान प्राणी पुष्कळदा वाढतात. मुलूख आटोपशीर, अन्न मोजके आणि वाघासारखा शत्रू नाही, अशा ठिकाणी थोरल्या देहाचा पोशिंदा कोण होणार? जो थोडक्यात भागवतो आणि लवकर वयात येतो, त्याचाच वंश पुढे चालतो. फ्लोरेसवर स्टेगोडॉन खुजा झाला, उंदीर मांजराएवढे झाले आणि माणूसही या नियमाला अपवाद ठरला नाही.

या खुजेपणाला अवनती म्हणणे मला सर्वथा अमान्य आहे. एवढ्याशा मेंदूचे हे लोक नेमकेपणाने दगड फोडून धारदार अवजारे करीत. लिआंग बुआत मिळालेल्या स्टेगोडॉनच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, आणि त्यांची अवजारे सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीपर्यंतच्या थरांत सापडतात. लाखो वर्षे एका बेटावर तग धरणाऱ्या मानवकुळाला हीन ठरविण्याचा अधिकार, दोन-तीन लाख वर्षांच्या आपल्या कुळाला खचितच नाही.

याच गुहेजवळ रामपासासा नावाचे एक खेडे असून तेथील माणसे आजही ठेंगणी आहेत. ही गुहेतल्या लोकांचीच संतती असावी असा तर्क साहजिकच केला जाई. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीत त्या प्राचीन कुळाचा मागमूसही आढळला नाही. त्यांचे ठेंगणेपण आधुनिक मानवातच, निसर्गाच्या निवडीने, निराळेपणाने घडून आले आहे. अर्थात या एकाच बेटाने परस्परांहून भिन्न अशा दोन मानवकुळांना, दोन वेळा, खुजे केले.