पहिली एकलहरेकर

जून उजाडला की आम्हा शाळामास्तरांचे पहिले काम म्हणजे नावे लिहिणे. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव. तीन रकाने. दोन मिनिटांत उरकणारे हे काम मुलाला जन्मभर पुरते. पुढे त्यात बदल करायचा तर सरकारी राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

दहा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी वीटभट्टीवर काम करणारा एक गृहस्थ मुलीचे बोट धरून आमच्या एकलहऱ्याच्या शाळेत आला. मुलीचे नाव त्याने सांगितले, स्वतःचे सांगितले; तिसऱ्या रकान्यापाशी मात्र तो अडला.

"आडनाव?" मी विचारले.

"ते न्हाई गुरुजी. लोक गावाचं नाव लावत्यात ना, तसं कायतरी लिवा."

"मग गाव कोणते तुमचे?"

तो घुटमळला. "दोन दिसांनी सांगतो," म्हणाला आणि मुलीला घेऊन निघून गेला.

वाचकहो, मी काही इतिहाससंशोधक नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण कादंबऱ्या लिहिण्याची खोड असल्यामुळे आडनाव ही काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. पात्राला आडनाव देताना मी आठ-आठ दिवस घोळतो. त्या दोन दिवसांत मी शाळेची जुनी रजिस्टरे काढून बसलो. १९७० साली इथे वीज केंद्र सुरू झाले आणि नोकरीच्या निमित्ताने चहूकडची माणसे आली. त्यामुळे रजिस्टरात सिन्नरकर होते, येवलेकर होते, चांदवडकर होते, अगदी नागपूरकरसुद्धा होते. एकलहरेकर मात्र एकही नव्हता!

विचार केला तेव्हा त्यातली गंमत उमगली. येवल्यात राहणाऱ्याला येवलेकर म्हणून कोण हाक मारील? तिथे सारेच येवल्याचे. माणूस गावाची शीव ओलांडतो, तेव्हाच गाव त्याच्या नावाला चिकटते. 'कर' हे आडनाव म्हणजे गाव सोडल्याची खूण.

ही रीत आजकालची नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. अठराव्या लेण्यातल्या एका लेखात 'नासिकक' लोकांनी दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. नासिकक म्हणजे आपले नाशिककरच की! पण तिथे तो शब्द साऱ्या गावाचा आहे, कुणा एकाचा नव्हे. आता शेकडो कोस दूर, मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाकडे चला. तिथल्या एका दगडी खांबावर दान देणाऱ्या बाईचे नाव कोरले आहे: वासुकाची भार्या गोरखिता, नासिकची. घरी असती तर ती नुसती गोरखिता राहिली असती. परमुलखात तिला आपले गाव सांगावेसे वाटले.

पुढच्या काळातले मोठे उदाहरण म्हणजे होळकरांचे. नीरेकाठचे होळ हे लहानसे गाव. तिथल्या घराण्यातले मल्हारराव लहानपणीच खानदेशात आजोळी गेले आणि पराक्रमाच्या बळावर माळव्याचे धनी झाले. इंदूरच्या गादीवर १९४८ पर्यंत नाव राहिले ते त्या होळ गावाचे!

इंग्रजांकडेही हेच. उत्तर इंग्लंडात वॉशिंग्टन नावाचे एक गाव आहे. वासा नावाच्या कुणा पुरुषाच्या लोकांची वस्ती, असा त्या नावाचा अर्थ लावतात. बाराव्या शतकात एका सरदाराने ते गाव मिळवले आणि आपले जुने नाव टाकून गावाचे लावले. त्याच्या वंशात जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले आणि ते नाव अमेरिकेच्या राजधानीला मिळाले. माणसाचे नाव गावाला, गावाचे माणसाला आणि माणसाचे पुन्हा शहराला!

पण गावाचे नाव नेहमी मानानेच घेतले जाते असे नाही. आमच्या शेजारच्या देवळालीला गोऱ्या सोल्जरांची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ते तिथे महिनोन्‌महिने कुजत पडत. कुणाकुणाचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणू लागले. बिचाऱ्या देवळालीला कुणी विचारले होते? तेव्हा नाव कोणते, याइतकेच ते कोण देतो यालाही महत्त्व आहे.

हे ध्यानात आले आणि साताऱ्याचे एक रजिस्टर डोळ्यांपुढे उभे राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. मुलगा जन्मला महूच्या छावणीत. नाव लागले ते मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या मूळ गावावरून. ज्या समाजाला गावाने शिवेबाहेर ठेवले, त्या समाजातल्या मुलाने गावाचे नाव जगभर नेले. त्याच आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली आमच्या नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला. गावाच्या नावावर कुणा एका जातीची मालकी नसते, हा या 'कर'चा मोठाच गुण.

दोन दिवसांनी तो गृहस्थ आला.

"गुरुजी, मूळ गावाचं नाव नको," तो म्हणाला. "तिथं आमची वस्ती शिवेच्या भायेर. 'ह्ये आपल्या गावचे' असं आमाला कुणी कधी म्हनलं न्हाई. पोरगी हितं जल्मली. हितलंच लिवा."

मी तिसऱ्या रकान्यात लिहिले: एकलहरेकर.

शेजारी बसलेले सहकारी हसले. "अहो मास्तर, एकलहऱ्यात एकलहरेकर? आंब्याच्या झाडाला आंबेवाला म्हणण्यातला प्रकार!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. इतर जण गाव सोडताना गावाचे नाव घेतात. या पोरीने गावात राहता यावे म्हणून घेतले.

यंदा ती मुलगी दहावी होऊन नाशिकच्या कॉलेजात गेली. परवा भेटली तेव्हा सांगत होती, "सर, पहिल्या दिवशी हजेरी घेताना मॅडमनी विचारलं, तुम्ही एकलहऱ्याच्या का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो. तिथलीच."