न जन्मलेल्यांचा दावा

सातबारा उताऱ्यावर काही नावांपुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे असतात. खातेदार अज्ञान आहे आणि त्याच्या वतीने पालनकर्ता व्यवहार पाहतो, एवढाच त्यांचा अर्थ. पण त्यामागे एक जुना विचार आहे. मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हिस्सा जन्मानेच ठरतो. वाटणीच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या गर्भाचाही विचार करावा लागतो. कर्त्याने कुटुंबाच्या गरजेवाचून जमीन विकली, तर मुलाला त्या व्यवहाराला आव्हान देता येते. मुलींना हा जन्मसिद्ध हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ साल आणि देशभरात २००५ साल उजाडावे लागले.

हवामान बदलाच्या बाबतीत तरुणांची जबाबदारी कोणती, या प्रश्नाचा इतिहास पाहताना ही कल्पना हाताशी असावी. गेल्या पस्तीस वर्षांत मुलांनी आणि विद्यार्थ्यांनी जगभरच्या न्यायालयांपुढे जे मांडले, त्याचा गाभा हाच आहे: मिळकत सामाईक आहे, तिच्यात आमचा हिस्सा आहे, तेव्हा कर्त्याने हिशेब द्यावा.

मनिलाचा निकाल

१९९० साली फिलिपिन्समध्ये अँटोनिओ ओपोसा या वकिलाने मकाटीच्या न्यायालयात पर्यावरण खात्याच्या सचिवांविरुद्ध दावा लावला. वादी होती लहान मुले. त्यांत ओपोसांची स्वतःचीही होती. दाव्यातली आकडेवारी अशी: पंचवीस वर्षांपूर्वी देशात १ कोटी ६० लाख हेक्टर वर्षावन होते, म्हणजे एकूण भूमीच्या ५३ टक्के. १९८७ च्या उपग्रह छायाचित्रांत ते जेमतेम १२ लाख हेक्टर, म्हणजे ४ टक्के उरलेले दिसले. लाकूडतोडीचे परवाने मात्र ३८ लाख ९० हजार हेक्टरांचे दिलेले होते. म्हणजे कागदावरचे परवाने शिल्लक अरण्याच्या तिपटीहून अधिक. हे सारे परवाने रद्द करावेत, ही मागणी होती. ती मुलांनी केवळ स्वतःसाठी केली नव्हती. अद्याप न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीनेही केली होती.

१८ जुलै १९९१ रोजी खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ३० जुलै १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायमूर्ती हिलारिओ डाविडे यांनी लिहिलेल्या या निकालपत्राने, मुलांना पुढच्या पिढ्यांच्या वतीने दाद मागता येते, हे मान्य केले. त्यातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. मुले निरोगी पर्यावरणावरचा आपला हक्क सांगतात, तेव्हा तो हक्क पुढच्यांसाठी राखण्याचे आपले कर्तव्यही ती त्याच वेळी बजावत असतात. हक्क आणि जबाबदारी एकाच कृतीत आली. गर्भापर्यंत येऊन थांबलेला आपला जुना विचार इथे आणखी पुढे गेला.

न्यायालयाने स्वतः परवाने रद्द केले नाहीत. दाव्याची वाट तेवढी मोकळी केली. अशा खटल्यांत दार उघडणे आणि घर वाचणे यांत बरेच अंतर राहते.

आपल्याकडे

१९९२ च्या रिओ परिषदेत सेव्हर्न सुझुकी या बारा वर्षांच्या कॅनेडियन मुलीचे भाषण गाजले. भाषणाला टाळ्या मिळतात, पण टाळ्या वाजवणाऱ्यांवर उत्तराचे बंधन नसते. दाव्याला लेखी उत्तर द्यावे लागते.

२०१७ साली उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या रिद्धिमा पांडे हिने राष्ट्रीय हरित लवादाकडे याचिका केली. हवामान बदलाबाबत सरकार पुरेसे करत नाही, हे तिचे म्हणणे. जानेवारी २०१९ मध्ये लवादाने ती निकाली काढली: प्रकल्पांच्या परिणामांची तपासणी पर्यावरण कायद्याखाली होतेच, तेव्हा वेगळ्या आदेशाची गरज नाही.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने आरे वसाहतीतील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे पडू लागली. ६ तारखेला कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष पीठाने पुढची तोड थांबवली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती आणि कारशेड अखेर आरेतच झाली. तरीही एका पत्रावरून न्यायालय दुसऱ्याच दिवशी बसले, ही नोंद राहिली.

पोर्ट व्हिला ते हेग

पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटराष्ट्राने २०११ साली संयुक्त राष्ट्रांत एक कल्पना मांडली होती: हवामान बदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर बंधने कोणती, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवावे. ती पुढे सरकली नाही. २०१९ साली वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला येथे साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी हीच मागणी पुन्हा हाती घेतली. त्यांनी बेटराष्ट्रांच्या सरकारांना पत्रे लिहिली, संघटना उभारली. वानुआतूच्या सरकारने प्रश्न उचलला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव एकमताने संमत केला. डिसेंबर २०२४ मध्ये हेगला सुनावणी झाली. नव्वदहून अधिक राष्ट्रांनी बाजू मांडली.

भारताचे म्हणणे असे की, मुख्य जबाबदारी आजवर सर्वाधिक धूर सोडणाऱ्या श्रीमंत देशांची आहे आणि सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधने लादू नयेत. यातला पहिला मुद्दा न्याय्य आहे. पण हा भावकीतला हिशेब झाला: कोणत्या घराने किती उडवले. प्रत्येक घरात बाप आणि मुले यांचा दुसरा हिशेब असतोच, आणि पहिला मांडल्याने दुसरा चुकता होत नाही.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले. हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर बंधन आहे. खनिज इंधनाचे परवाने आणि अनुदाने देणे हेसुद्धा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकते, आणि भंग झाल्यास भरपाईपर्यंत परिणाम संभवतात. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे. त्याची अंमलबजावणी करणारा शिपाई नाही. पण इथून पुढे कोणत्याही देशातला वकील ते न्यायाधीशांपुढे ठेवू शकतो.

जबाबदारी कोणाची

‘आता तरुणांनीच काहीतरी करावे’ हे वाक्य सभांमधून सर्रास ऐकू येते, आणि बहुतेकदा ते पन्नाशी ओलांडलेल्यांच्या तोंडी असते. माझ्याच पिढीचे. वरचा इतिहास वेगळे सांगतो. या मुलांनी जंगल राखण्याचे किंवा धूर थांबवण्याचे काम अंगावर घेतले नाही. ते त्यांच्या हातात नव्हतेच. त्यांनी कागद जमवले, आकडे मांडले, योग्य ठिकाणी हिशेब मागितला आणि नकार मिळाल्यावर वरचे दार ठोठावले. तरुणांची जबाबदारी ही आहे आणि ती लहान नाही. कर्त्याची जबाबदारी मात्र कर्त्याकडेच राहते. अज्ञानाने दावा लावला म्हणून पालनकर्ता सुटत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९० साली मकाटीच्या दाव्यात वादी असलेली मुले आज पालकांच्या वयाची आहेत. पोर्ट व्हिलाचे विद्यार्थीही सज्ञान नागरिक आहेत. उद्या त्यांच्यातून अधिकारी, मंत्री होतील. वाद्याचा प्रतिवादी व्हायला पंचवीस-तीस वर्षे पुरतात. तेव्हा न जन्मलेल्यांच्या वतीने आज जो बोलतो, त्याने त्यांच्यापुढे उत्तर देण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.